पखवाजाच्या नावात उरलेला आवज

प्रश्न पाचोऱ्याकडच्या एका मृदंग, म्हणजेच पखवाज, शिकणाऱ्या भाऊंचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आमच्या गुरुजींनी सांगितलं, पखवाज म्हणजे पक्का आवाज. पण वाद्यांच्या एका जुन्या यादीत पखवाजाच्या शेजारीच ‘आवज’ असं वेगळं वाद्य लिहिलेलं दिसलं. हे आवज कोणतं? त्या नावाचा अर्थ काय? आणि पखवाजाशी त्याचं काही नातं आहे का?"

भाऊ, तुमच्या वाचनात आलेला तो शब्द छपाईची चूक नाही. आवज नावाचं वाद्य खरोखर होतं. कंबर बारीक, दोन्ही तोंडं कातड्यानं मढवलेली, खांद्याला पट्ट्यानं अडकवायचं आणि हातानं वाजवायचं. त्याचंच दुसरं नाव हुडुक किंवा हुडुक्का. आपल्याकडच्या दिंडीत, कीर्तनात, जत्रेत ते आता दिसत नाही. नाव मात्र तुम्ही दिवसातून दहा वेळा घेता, कारण पखवाज या शब्दाचा मागचा अर्धा भाग म्हणजे तेच आवज आहे. आवाजाशी त्याचा संबंध नाही. चाळीस वर्षं मांडीवर पखवाज घेऊन बसणारा माणूस म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतःसुद्धा निम्मं आयुष्य ‘पक्का आवाज’ असंच सांगत आलो होतो.

आधी शब्द. संस्कृतात ‘तुद्’ हा धातू आहे, त्याचा अर्थ आघात करणं, टोचणं. वैद्य लोक टोचल्यासारख्या दुखण्याला ‘तोद’ म्हणतात, तो याच घरातला. त्याला ‘आ’ लागून ‘आतोद्य’ झालं, म्हणजे ज्यावर आघात करायचा ते. पण फार जुन्या काळीच या शब्दाचा पैस वाढला. भरताच्या नाट्यशास्त्रात आतोद्य म्हणजे कुठलंही वाद्य: तत (तारांचं), अवनद्ध (कातड्यानं मढवलेलं), घन (टाळ-झांजांसारखं) आणि सुषिर (फुंकायचं). ‘चतुर्विधं तु विज्ञेयमातोद्यं लक्षणान्वितम्’ असं तिथं म्हटलं आहे. म्हणजे वीणाही आतोद्य, बासरीही आतोद्य. आघात मागं पडला, वाद्य एवढाच अर्थ राहिला.

मग हा शब्द लोकांच्या तोंडी गेला आणि झिजला. झिजण्याचे नियम आपल्या रोजच्या बोलण्यातच दिसतात. ‘अद्य’चं प्राकृतात ‘अज्ज’ झालं आणि आपण ‘आज’ म्हणतो. ‘विद्युत्’ची ‘विज्जु’ झाली आणि आपली ‘वीज’. म्हणजे ‘द्य’ गेला की त्या जागी ‘ज’ येतो. शब्दाच्या मधला एकटा ‘त’ तर प्राकृतात टिकतच नाही. आता आतोद्य घ्या. त पडला, द्यचा ज्ज झाला: आओज्ज, आउज्ज. तेच पुढं आवज. या सगळ्या प्रवासात गंमत अशी की मूळ आघाताचा शब्द, मधे सगळ्या वाद्यांसाठी वापरला गेलेला, शेवटी पुन्हा थापेनं वाजणाऱ्या एका चर्मवाद्यावरच येऊन बसला. नाव फिरून आपल्या घरी आलं.

‘आवाज’ हा शब्द फारसी. फारसी बोलणारे राज्यकर्ते दख्खनात आले ते देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी झाली तेव्हापासून, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस. आणि आवज हे नाव त्याच देवगिरीच्या दरबारात, त्या स्वारीच्या सुमारे अर्धशतक आधी, संस्कृत ग्रंथात लिहिलेलं आहे. तेव्हा आवजाला आवाजापासून काढणं काळाच्या हिशेबात बसत नाही.

तो ग्रंथ म्हणजे शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर. शार्ङ्गदेव मूळचा काश्मिरी घराण्यातला. त्याचे आजोबा दक्षिणेत आले आणि तो स्वतः यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेब-दफ्तराचा प्रमुख होता. सात अध्यायांपैकी सहावा वाद्याध्याय. त्यात चर्मवाद्यांची नावं वीसहून जास्त आहेत: पटह, मर्दल, हुडुक्का, करटा, घडस, ढवस, ढक्का, रुंजा, डमरू, डक्का, सेल्लुका, झल्लरी, त्रिवली, दुंदुभि, भेरी, निःसाण, तुंबकी... ही यादी मोठ्यानं वाचली की मला गहिवरून येतं. यातल्या डमरूला तुम्ही ओळखता, दुंदुभि आणि भेरी पोथीतून ऐकून माहीत असतात. बाकीच्यांचं काय? घडस कसा बोलायचा, सेल्लुका कोणत्या हातात धरायची, हे आज कुणाच्या कानात नाही. एकेका नावामागं कुणीतरी मढवणारा होता, कुणीतरी शिकवणारा होता.

या दरबाराचं आणि आपल्या खान्देशाचं नातं लांबचं नाही. चाळीसगावहून पाटणादेवीला जाता ना, त्या पाटणला शके ११२८चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा याच सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला नेमणूक करून दिली. म्हणजे एकाच राजाच्या पदरी एक जण सिद्धान्तशिरोमणीच्या अभ्यासाची सोय आमच्या डोंगराच्या पायथ्याशी लावत होता आणि दुसरा देवगिरीत बसून वाद्यांची मापं लिहीत होता. त्या शिलालेखाचा वरचा भाग संस्कृत आहे, पण बाजारातल्या मालावर मठाला काय द्यायचं हे सांगायची वेळ आली तेव्हा भाषा बदलते: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे...’ देणंघेणं ज्याला समजायला हवं त्याच्या बोलीत लिहिलं.

शार्ङ्गदेवानंही नेमकं तेच केलं आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. हुडुक्केचं वर्णन करताना तो म्हणतो, ‘लक्ष्यज्ञास्त्वावजं प्राहुरिमां स्कन्धावजं तथा’. जे लक्ष्य जाणतात ते हिला आवज म्हणतात, आणि स्कंधावजही म्हणतात. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष वाजणारं संगीत. शास्त्र म्हणजे लिहिलेलं. म्हणजे आवज हे पंडितांनी दिलेलं नाव नाही, ते वाजवणाऱ्यांचं नाव आहे. तुमच्या-माझ्यासारख्या माणसांचं. पटहाच्या बाबतीतही तो सांगतो की देशी पटहाला लोक अड्डावज म्हणतात. त्या काळी वादकांच्या बोलीत ‘आवज’ हा एक पाया होता आणि पुढं ओळख लावून वेगवेगळी वाद्यं ओळखली जात होती, हे या दोन नावांवरून स्पष्ट दिसतं. स्कंधावज, म्हणजे खांद्यावरचं आवज.

पखावज मात्र रत्नाकराच्या त्या यादीत नाही. तिथं मर्दल आहे, आणि मृदंग, मर्दल, मुरज ही एकाच वाद्याची नावं असं शार्ङ्गदेव सांगतो.

पुढचा धागा अकबराच्या काळात सापडतो. अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत वाद्यांचा एक भाग आहे. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला, खान्देशाला शहाजादा दानियालच्या नावावरून दानदेश म्हटलं, आणि त्या दानदेशाचा सुभाही याच ग्रंथात नोंदलेला आहे, म्हणून खान्देशी माणसानं तो ग्रंथ परका मानायचं कारण नाही. त्यात पखावज आणि आवज ही दोन्ही वाद्यं वेगवेगळी, शेजारी शेजारी आहेत. तुम्ही पाहिलेली यादी याच परंपरेतली असणार. आवजाचं वर्णन तिथं फार नेटकं आहे: पोकळ लाकूड, दोन नगारे पाठीला पाठ लावून जोडावेत असा आकार, तोंडांवर कातडं आणि ते चामड्याच्या वादीनं आवळलेलं. पुढं ढड्डा येतो, तो ढोलासारखा पण फार लहान. आणि अर्धावज, म्हणजे अर्धं आवज. पंजाबात ढाडी लोक उभं राहून वीरकथा गातात, त्यांच्या हातातला छोटा कमरेचा ढड्ड आजही वाजतो. तोही बारीक कमरेचाच, म्हणजे आवजाचा धाकटा भाऊ जिवंत आहे, थोरला गेला.

आता ते वाद्य प्रत्यक्षात काय होतं, हे. नुसतं वाचून माझं समाधान होईना, म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक करवून घेतलं. रत्नाकरात लांबी एक हात दिली आहे, तोंडं सात अंगुळांची. अंगुळ साधारण पाऊण इंच धरलं तर दीड फूट लांब आणि सव्वापाच इंच तोंड. एका कातारीला माप दिलं. तो बिचारा पोळपाट-लाटणी, पाळण्याचे पाय, फार तर ढोलकीची खोडं कातणारा. त्यानं आंब्याचं लाकूड घेतलं, बाहेरून कमर काढली, मग दोन्ही बाजूंनी पोखरत आला. मधला भाग पोखरताना एकदा खोड तडकलं. दुसरं घ्यावं लागलं. तोंडावर कातडं थेट ताणायचं नसतं. वेलीची किंवा वेताची कडी करून तिच्यावर कातडं मढवायचं, कडी तोंडापेक्षा मोठी, आणि कडीला सहा छिद्रं. त्या छिद्रांतून सुताची दोरी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे नागमोडी न्यायची.

माझी पहिली चूक कातड्यात झाली. हात पखवाजाचा, त्यामुळं मी पुडीच्या, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरच्या कातड्याच्या, जाडीचं कातडं घेतलं. वाद्य मुकं झालं. थाप मारली की लाकडाचा ठोका यायचा, कातड्याचा नाही. मग बकऱ्याचं अगदी पातळ, उजेडासमोर धरलं तर बोटं दिसतील असं कातडं लावलं, तेव्हा ते बोललं. पखवाजाला असते तशी तोंडावरची काळी शाई नाही, डाव्या तोंडाची कणिक नाही, वादी ताणायचे लाकडी गट्टे नाहीत. स्वर लावायची हातोडीही नाही.

मग स्वर कसा बदलायचा? कमरेवर. दोऱ्या जिथं कमरेपाशी मोकळ्या असतात तिथं त्यांच्याभोवती एक पट्टी फिरवायची आणि तीच पट्टी खांद्यावरच्या पट्ट्याला जोडायची. डाव्या हातानं कमर मुठीत धरायची. वाद्य पुढं ढकललं की खांद्यावरचा पट्टा ताणतो, पट्टी दोऱ्या आवळते, दोऱ्या दोन्ही कड्या ओढतात आणि कातडं चढतं. सोडलं की उतरतं. उजवा हात एकच थाप देतो आणि डाव्या मुठीच्या दाबावर ती थाप खालून वर सरकते, ‘हुडु-क्’ अशी. हुडुक हे नाव कुठून आलं हे त्या क्षणी मला पुस्तकाशिवाय कळलं. आमच्या गल्लीतले एक वयस्कर आबा ओट्यावर बसून हे बघत होते. त्यांनी हातात घेतलं, दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "कंबर आवळी का लगेच बोलस ते!" याहून चांगलं वर्णन मला करता येणार नाही.

हे तंत्र आजही बघायचं असेल तर कुमाऊँमधला हुडका बघा. तिथं हुडकिया गातो आणि वाजवतो. भाताची रोपणी चालू असताना बांधावर उभं राहून गायल्या जाणाऱ्या गाण्याला तर हुडकिया बौल असंच म्हणतात. तमिळ भागात उडुक्कै आहे, मारियम्मनच्या पूजेत वाजतं. केरळातल्या देवळांत इडक्का आहे, खांद्यावरच, पण काठीनं वाजवलेलं, आणि त्यावर तर स्वर इतके स्पष्ट काढतात की गाणं वाजवल्यासारखं वाटतं. हुडका, हुडुक, उडुक्कै, इडक्का ही नावं नुसती एकापाठोपाठ म्हणून बघा, जवळची वाटतात की नाही. देश एवढा लांब, आणि मधे आपल्याकडेच पोकळी.

आता पखवाजाकडे. पक्ष अधिक आतोद्य, पक्षातोद्य, प्राकृतात पक्खाउज्ज, मग पखावज. क्षचा ख होतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. घराच्या छपराच्या दोन उतरत्या बाजूंना आपण पाखी म्हणतो, पुढचं पाखं, मागचं पाखं. तो शब्द पक्षच. पक्ष म्हणजे बाजू. कौलारू घराचं आडवं आढं आणि त्याच्या दोन बाजूंना उतरलेली दोन पाखी डोळ्यांपुढं आणा. मांडीवर आडवा ठेवलेला पखवाज त्याहून वेगळा दिसत नाही.

मराठीत पखावज आणि पखवाज दोन्ही रूपं आहेत. आपल्या तोंडात दीर्घ आकार पुढं सरकला आणि ‘वाज’ झालं. मला वाटतं ‘वाजणं’ या क्रियापदानं तो ओढून घेतला. वाद्य आहे तर त्यात वाज असणारच, असं कानाला बरं वाटतं. तिथूनच मग ‘पक्का वाज’, ‘पक्का आवाज’ अशी फोड सुचली असणार. फोड चुकीची, पण ती करणाऱ्याचं वाद्यावर प्रेम होतं, एवढं नक्की.

पक्ष म्हणजे नेमकं काय, यावर दोन तऱ्हेनं विचार करता येतो. एक असा की जसं खांद्याला अडकवलेलं ते स्कंधावज, तसं कुशीला, बाजूला धरलेलं ते पक्षावज. दुसरा असा की ज्याचे दोन्ही पक्ष वाजतात ते पक्षावज. माझा कौल दुसऱ्याला आहे, आणि तो व्याकरणातून नाही, हातातून आलेला आहे. ते कातारीकडून करवून घेतलेलं हुडुक वाजवताना मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट टोचत होती: डावा हात रिकामा नाही. तो कमर धरून बसलेला. दुसरं तोंड आहे, त्यावर कातडं आहे, ते घुमतंही, पण त्याच्यावर थाप पडत नाही. आयुष्यभर डाव्या हातानं धूम (पखवाजाचं डावं, खर्जाचं तोंड) घुमवलेल्या माणसाला ते फार जड जातं. हात तिकडं जायला बघतो आणि गेला की कमर सुटते, स्वर पडतो. आवज वाजवणाऱ्या माणसानं जेव्हा पहिल्यांदा मांडीवर किंवा गळ्यात आडवं धरलेलं, दोन्ही हातांनी दोन्हीकडून बोलणारं वाद्य ऐकलं असेल, तेव्हा त्याला सगळ्यात आधी काय वेगळं वाटलं असेल? हेच की याचा दुसरा पक्षही बोलतो. त्यानं आपल्या ओळखीच्या शब्दाला तेवढंच जोडलं. हे माझं मत आहे, तुमच्या हाताला वेगळं वाटलं तर जरूर कळवा.

मग आवज का गेलं? मी हे वाजवणाऱ्याच्या नजरेनं सांगतो. ज्या वाद्याचा स्वर मुठीत आहे ते एका गळ्याचं वाद्य असतं. गाणारा आणि वाजवणारा एकच असला की मूठ गळ्याबरोबर चढते, उतरते. कुमाऊँचा हुडकिया, पंजाबचा ढाडी, हे सगळे उभं राहून कथा सांगणारे. आपल्याकडेही डवरी गोसावी, भराडी यांच्या हातात डौर आहे, तोही कमरेचाच, आणि तेही गात गात वाजवतात. खान्देशात भराडी दारी आलेला ज्यांना आठवतो त्यांना डौराचा तो घुमार लक्षात असेल. माझ्या मते आवजाच्या कुळातलं आपल्या मातीत उरलेलं जवळचं माणूस ते.

पण कीर्तन आणि दिंडी हा समुदायाचा प्रकार आहे. कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा मागं दिंडीत टाळांच्या जोड्याच किती असतात! त्या गजरात पातळ कातड्याचं, एका हाताचं वाद्य बुडूनच जाणार. तिथं खोड जाड हवं, धूम कणकेनं भरलेला हवा, आणि स्वर एकदा हातोडीनं लावला की अभंग संपेपर्यंत हलता कामा नये. गायक काळी एक ही पट्टी धरून बसलाय आणि वाद्याचा स्वर दर थापेला सरकतोय, हे चालणार कसं? उलट आवजाचा सगळा जीव त्या सरकण्यातच. दोघांचं जमणं कठीणच होतं.

हवामानाचाही वाटा असावा. पखवाजाची पुडी ओलीनं उतरली तर गट्टे ठोकून सावरता येते. माझ्या हुडुकाचं पातळ कातडं आषाढात असं ढिलं पडतं की कितीही कमर आवळा, नुसतं फडफडतं. शेकोटीपाशी धरून शेकावं लागतं, आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच. आषाढी वारीच्या रस्त्यावर हे वाद्य कोण सांभाळणार?

तुम्ही मृदंग शिकता, म्हणून त्या नावाबद्दलही दोन शब्द, जास्त नाही. मृद् म्हणजे माती, अंग म्हणजे शरीर; मातीचं अंग असलेला तो मृदंग. आज तो खैराचा, शिसवीचा असतो, तरी नाव मातीचंच. सातपुड्यात बारेला-पावरा लोकांचा मांदल ऐकला असेल तर लक्षात घ्या, तो रत्नाकरातला मर्दल आहे. मर्दलचं मद्दल, मांदल असं झालेलं. होळीच्या रात्री त्या डोंगरात घुमणारं नाव शार्ङ्गदेवाला लगेच ओळखू आलं असतं.

आणि धुमाला आपण जी कणिक लावतो ना, तिची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. नाट्यशास्त्रात वाद्याच्या तोंडाला माती लावायला सांगितली आहे. कोणती? नदीकाठची, काळसर, मऊ. खडे, वाळू, गवत, कोंडा नसलेली, खारट नसलेली. आणि तशी माती मिळाली नाही तर गव्हाचं किंवा जवाचं पीठ, पण पिठानं स्वर एकसुरी होतो अशी तक्रारही लगेच केली आहे. म्हणजे आज आपण ज्याला परंपरा म्हणून थापतो ती कणिक भरताच्या मते नाइलाजाची सोय होती. गिरणेच्या काठची गाळाची काळी माती चाळून मी एकदा लावून पाहिली. सुकली की भेगा पडतात, पण ओली असताना धूम असा खोल जातो की कणकेनं कधी गेलेला मी ऐकला नाही. तुम्ही पाचोऱ्याचे, नदी तुमच्या जवळच आहे, करून बघा. फक्त जुन्या पुडीवर करा, नव्या नको, आणि वाजवून झालं की लगेच ओल्या फडक्यानं पुसून काढा, नाहीतर कातडं कडक होतं.

तुमच्या गुरुजींना मात्र चारचौघांत दुरुस्त करू नका. त्यांनी जे हातात दिलंय ते या शब्दांच्या फोडीपेक्षा खूप मोठं आहे. एखाद्या संध्याकाळी रियाज आटोपल्यावर, पुडीवर शाल टाकताना, सहज विचारा: "आण्णा, पखवाजातला आवज म्हणजे पूर्वी वेगळं वाद्य होतं म्हणे, तुमच्या कधी ऐकण्यात आलंय का?" कोण जाणे, त्यांच्या आजोबांनी काही सांगितलेलं असेल. मला आजवर दोन जुन्या टाळकऱ्यांकडून ‘हुडुक’ हा शब्द ऐकायला मिळाला, दोघांनाही वाद्य ठाऊक नव्हतं, पण गडबडीनं मधेच थाप टाकणाऱ्या पोराला ते ‘हुडुक नको करू’ म्हणून रागवायचे.

माझ्याकडचं हुडुक चाळीसगावला घरी खुंटीला टांगलेलं आहे. या दिवसांत येऊ नका, भाद्रपदाच्या ओलीत ते मुकंच असतं. दसरा होऊ द्या, चार दिवस कोरडं ऊन पडू द्या. मग या, आणि येताना तुमचा पखवाज घेऊन या. दोन्ही एका जागी ठेवून वाजवू, म्हणजे पक्षाचा प्रश्न तुमच्याच डाव्या हाताला विचारता येईल.